निळी उतरेपर्यंत

“निळी उतरल्याबिगर पाणी घ्यायचं नाही बघा, ताई,” गड्डमकाका म्हणाले होते. तेव्हा शलाकाला सातवा महिना होता, तिच्या हातात अर्ज होता आणि डोक्यात रसायनशास्त्राच्या पदवीला मिळालेला पहिला वर्ग. येलप्पा गड्डम म्हणजे सुतवडीच्या जुन्या रंगशाळेत सुताचे रंग जुळवणारा माणूस. बारावीला एकदा बसले, दुसऱ्यांदा बसायच्या भानगडीत पडले नाहीत. रंगशाळा बंद पडल्यावर ते गल्लोगल्लीच्या काचटाक्या पुसायच्या कामाला लागले होते. सही करायला म्हणून त्यांनी पेन घेतलं, अर्ज दोनदा वाचला, पेनाला टोपण लावलं आणि परत दिलं. शलाकाला रागसुद्धा आला नाही. हसू आलं. चारशे बारा सह्या झाल्या होत्या. चारशे तेरावी नसली म्हणून काय अडणार होतं?

अर्ज तिनंच लिहिला होता. ‘कालचं पाणी आजच्या घरात कशाला?’ हे त्यातलं पहिलं वाक्य. ते इतकं जमून गेलं होतं की तालुक्याच्या साप्ताहिकानं त्याचाच मथळा केला. शलाकाच्या सासूबाई ते कात्रण पर्समध्ये घालून हळदीकुंकवाला घेऊन जायच्या.

हे कालचं पाणी काय प्रकरण होतं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

सुतवडी हे टॉवेल-चादरींचं गाव. साठ वर्षं इथल्या हौदांतून रंग वाहिला, जमिनीत मुरला आणि बोअरमधून परत वर आला. पोरं चेष्टेनं म्हणायची, आमच्याकडे होळीला रंग विकत घेत नाहीत, नळ सोडतात. कारखाने हलले तरी जमिनीतला रंग हलेना. तेव्हा काचटाकी योजना आली. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी खांबांवर एक उथळ, पसरट, काचेच्या झाकणाची टाकी. आत काचेच्या उभ्या पट्ट्या ओळीनं लावलेल्या, पापडाच्या डब्यात पापड उभे करावेत तशा.

त्या पट्ट्यांवर लेप होता, आणि सगळी करामत लेपात होती. टंगस्टन नावाच्या जड धातूचे अणू, त्यांना चहूबाजूंनी धरून ठेवणारे ऑक्सिजनचे अणू आणि मधोमध फॉस्फरसचा एकच दाणा असा तो गुच्छ. आकाशकंदिलासारखा बांधेसूद, पण केसाच्या जाडीत असे हजारो मावतील इतका लहान. ऊन पडलं की हा गुच्छ इलेक्ट्रॉनसाठी वखवखतो. जवळून जाणाऱ्या रंगाच्या रेणूचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो, रेणू खिळखिळा होतो आणि तुटत तुटत शेवटी पाणी आणि हवा यांपलीकडे फारसं काही उरत नाही. गुच्छ मात्र ते इलेक्ट्रॉन गिळून गर्द निळा पडतो. मग टाकीत सोडलेले हवेचे बुडबुडे त्याच्याकडून ते काढून घेतात आणि तो पुन्हा काचेसारखा स्वच्छ होतो. पूर्वी याला खास दिव्यांचा प्रकाश लागायचा; नव्या लेपाला सुतवडीचं ऊन पुरत होतं, आणि ऊन ही सुतवडीत कधीच कमी न पडलेली गोष्ट.

उद्‌घाटनाला कंपनीच्या माणसानं शाळेच्या पटांगणात प्रयोग करून दाखवला होता. काचेच्या भांड्यात पाणी, त्यात मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे चार थेंब, आत एक पट्टी. भाषणं संपेपर्यंत पाणी नितळ झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, भाषणं तेवढी लांब होती म्हणून जमलं.

अडचण दुसरीच निघाली. टाकीतलं पाणी दिवसभर उन्हात राहायचं, संध्याकाळी पट्ट्यांची निळी उतरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नळाला सुटायचं. म्हणजे घरात यायचं ते कालचं. आणि सुतवडीत कालचं पाणी म्हणजे शिळं. नळ आला की आधी हंडे पालथे करायचे, कालचं ओतून द्यायचं, हंडा चिंचेनं घासायचा आणि मग ताजं भरायचं, ही इथली रीत. पाहुण्यापुढे शिळं पाणी ठेवणं म्हणजे त्याला चपला दाखवण्यासारखंच. पहिलं वर्षभर सासूबाईंनी काचटाकीचं पाणी परसातल्या कढीपत्त्याला घातलं आणि प्यायला लांबच्या हापशाचं आणलं. घरोघरी तेच चाललं होतं. म्हणून तो अर्ज. शिकलेली सून घरात असल्यावर दुसरं कोण लिहिणार?

अर्जाला यश आलं. कंपनीनं वेळ बदलली. सकाळी आठला पाणी टाकीत, वीस मिनिटांनी पाण्यात रंग उरलाय का ते प्रत्येक टाकीखालचा संवेदक तपासणार, दिवा हिरवा झाला की साडेआठला नळ. ताजं पाणी. शलाकाच्या डोहाळजेवणात तिची ओटी भरताना बायकांनी उखाण्याच्या आधी टाळ्या वाजवल्या. गड्डमकाका तेव्हा खाली दारात उभे होते, टाकीच्या किल्ल्या द्यायला आलेले. त्यांनी पुन्हा एकदा तेच सांगितलं. साडेआठला पट्ट्या अजून निळ्या असतात, ताई. शलाकानं त्यांना समजावून सांगितलं की संवेदक म्हणजे माणसाचा डोळा नव्हे, तो चुकत नाही. मग बाळंतपणासाठी ती माहेरी गेली.

*

ती परत आली ती पाच महिन्यांच्या ईशानीला घेऊन. सगळे तिला ठकू म्हणायचे, कारण ती लाकडी ठकीसारखी गोल आणि ठाम होती. कुणी घेतलं तरी मान ताठ.

आठ-दहा दिवसांत शलाकाच्या लक्षात आलं की ठकूचे ओठ जांभळट दिसतात. शलाकाच्या सगळंच लक्षात यायचं, ही तिची जुनी खोड. रात्री बाळाचा श्वास मोजायची, शी झाली की रंग बघायची, तापमापक उशीखाली ठेवायची. त्यामुळे पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. सासूबाई म्हणाल्या, रंग उतरतोय गं, आमच्याकडचा सावळेपणा यायचाच. नवरा विश्वजित म्हणाला की तू अजून दोन दिवस बघत राहिलीस तर तुला तिच्या डोक्यावर शिंगंही दिसतील. तोही हसला, तीही हसली. शेजारणीनं दृष्ट काढायला सांगितलं, सासूबाईंनी काढली.

पण शलाका बघत राहिली. अंगावरचं दूध कमी पडत होतं, म्हणून दिवसातून चार वेळा पावडरीचं दूध. पाणी साडेआठचं, ताजं, वीस मिनिटं उकळलेलं. बाटली वाफेवर शिजवलेली. सगळं पुस्तकाप्रमाणे. तरी ठकू दूध पिताना दमायची, मध्येच सोडून द्यायची आणि डोळे मिटायची.

मंगळवारी दुपारी आंघोळीआधी शलाकानं तिच्या हातातले मोजे काढले. ओरबाडून घेऊ नये म्हणून घातलेले ते पांढरे सुती मोजे, घरचे, सासूबाईंनी शिवलेले. आत दहाच्या दहा नखं शिसपेन्सिलीच्या रंगाची होती.

*

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर शबनम पटवेगार होत्या. साठीच्या, आवाज घोगरा, प्रश्न मोजके. त्यांनी ठकूच्या नाकाला ऑक्सिजन लावला आणि पाच मिनिटं घड्याळ बघत उभ्या राहिल्या. ओठ तसेच. मग रक्ताचे थेंब गाळणीच्या पांढऱ्या कागदावर टाकले. शलाकानं रक्त पाहिलं. ते लाल नव्हतं. उसाच्या काकवीसारखं तपकिरी होतं.

“हृदय ठीक आहे हिचं,” डॉक्टर म्हणाल्या. “फुप्फुसंही. रक्त गंजलंय.”

रक्तातल्या लोहाचा एक इलेक्ट्रॉन कुणीतरी काढून नेला, की ते लोह प्राणवायू धरू शकत नाही. बाळ श्वास घेतं, हवा आत जाते आणि तशीच बाहेर येते. मोठ्या माणसाचं शरीर हे दुरुस्त करत राहतं, त्याला कळतही नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाकडे ती दुरुस्तीची यंत्रणा अजून अर्धीमुर्धीच असते. डॉक्टर हे सांगत होत्या आणि सांगता सांगता सिरिंज भरत होत्या. औषध गर्द निळं होतं. शलाकानं बाटलीवरचं नाव वाचलं. मेथिलीन ब्लू.

“हा तर रंग आहे,” ती म्हणाली.

“रंगच आहे. लोहाला त्याचा इलेक्ट्रॉन परत मिळवून देतो.”

अर्ध्या तासात ठकूचे ओठ डाळिंबाच्या दाण्यासारखे झाले. तासाभरानं ती भुकेनं इतकी किंचाळली की वॉर्डातल्या बाया हसायला लागल्या. लंगोट बदलला तर तो हिरवा-निळा. सासूबाईंनी तो उलटसुलट करून बघितला, डोळे पुसले, आणि म्हणाल्या की चला, ही खरी सुतवडीची निघाली.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, बाळाच्या दुधाला पाणी कुठलं वापरता. शलाका अभिमानानं सांगायला गेली, काचटाकीचं, हिरव्या दिव्याचं. आणि तिला गड्डमकाका आठवले.

*

गड्डमकाकांनी ‘मी सांगितलं नव्हतं का’ असं म्हटलं नाही. ते म्हणाले असते तर शलाकाला बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची दिली, घरात चहा सांगितला आणि कपाटातून जुनी, टाकीतून काढलेली एक पट्टी आणि एक हातात धरायचा संवेदक आणला.

“ह्यो यंत्र खोटं बोलत नाही, ताई. पण तुम्ही त्याला एकच प्रश्न विचारायचा म्हणल्यावर त्यो एकाचंच उत्तर देणार की ओ.”

संवेदकाचं असं होतं. त्याच्या टोकावर त्याच गुच्छांचा लेप. यंत्र त्या टोकावर विजेचा दाब हळूहळू वाढवत नेतं, जिना चढावा तसा. पाण्यातला प्रत्येक पदार्थ आपल्या ठरलेल्या पायरीवर इलेक्ट्रॉन सोडतो, आणि पडद्यावरच्या रेघेला तिथे उंचवटा येतो. उंचवट्याच्या जागेवरून पदार्थ कुठला ते कळतं, उंचीवरून किती ते. टाकीखालच्या यंत्राला मात्र एकाच पायरीकडे बघायला सांगितलेलं होतं. रंगाच्या. त्या पायरीवर काही नाही दिसलं, की दिवा हिरवा.

गड्डमकाकांनी बाजूच्या दोन कळा एकत्र दाबून धरल्या. दुरुस्तीवाल्यांसाठी ठेवलेली ती वाट होती. आता पडद्यावर सगळा जिना दिसायला लागला. सकाळचं साडेआठचं पाणी शलाकानं सोबत आणलं होतं. रंगाच्या पायरीवर रेघ सपाट. चार पायऱ्या अलीकडे मात्र एक उंचवटा उभा, वारुळासारखा.

ते काय आहे हे शलाकाला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या वर्गाचा तेवढा तरी उपयोग होता. कपड्याच्या रंगाच्या रेणूच्या मध्यावर दोन नायट्रोजनचा सांधा असतो. निळा झालेला गुच्छ आपले इलेक्ट्रॉन कधी हवेला देतो, कधी त्या सांध्याला. सांधा मोडला की रंग जातो, वीस मिनिटांत. पण मोडलेले दोन तुकडे पाण्यातच राहतात, अॅनिलीनच्या जातीचे, बिनरंगी, उकळून न जाणारे. रक्त गंजवणारे. त्यांचा फडशा पडायला दिवसभराचं ऊन लागतं. तोवर पट्टी त्यांना खात असते, आणि खात असते तोवर निळी असते.

दुसऱ्या दिवशी तिनं गच्चीवर पसरट काचेच्या भांड्यात साडेआठचं पाणी ओतलं, आत गड्डमकाकांची पट्टी, आणि माशांच्या टाकीला लावतात तो बुडबुड्यांचा पंप. दर तासाला त्यांच्याच संवेदकानं रेघ काढून वहीत उतरवून घेतली. अकराला वारूळ. एकला वारूळ, जरा बसकं. तीनला टेकाड. ऊन कलायला लागलं तशी पट्टीची निळाई काठाकडून विरत गेली, आणि साडेपाचला पट्टी पाण्यात शोधावी लागली. रेघ सपाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सासूबाई दिवसभर सूप घेऊन गहू निवडायच्या निमित्तानं वर बसल्या होत्या. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग खाली परसात.

“म्हणजे वर्षभर चांगलं पाणी प्यायला तो कढीपत्ता,” त्या म्हणाल्या.

*

विश्वजित योजनेवर पाणी सोडायच्या कामाला होता. सहा गल्ल्यांच्या झडपा त्याच्याकडे. शलाकानं वही त्याच्यापुढे ठेवली तेव्हा त्यानं ती बराच वेळ बघितली. दिवा हिरवा होता, मी हिरव्यावरच सोडतो, असं तो दोनदा म्हणाला. शलाका त्याला दोष देत नव्हती, पण त्याला तो ऐकू येत होता. आपल्या हातानं झडप फिरवून त्यानं आपल्याच पोरीच्या बाटलीत काय सोडलं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मग तो समजुतीचं बोलायला लागला. घरापुरतं गच्चीवर करत जाऊ. मी साहेबांच्या कानावर घालतो, ते सुधारतील. लेखी काही नको. आपल्यापुरतं बघू.

“आपल्यापुरतं म्हणजे कुठपर्यंत?” तिनं विचारलं. “आपल्या उंबऱ्यापर्यंत की गल्लीच्या तोंडापर्यंत?”

तो उठून गेला. त्या दिवशी ती दोघं एका ताटात जेवली नाहीत.

गल्लीत लहान बाळं किती, हे शलाकाला पाठ होतं. पाच. तिनं ठकूला कडेवर घेतलं आणि बाळ बघायला म्हणून पाचही घरी गेली. झबलं, साखरेची पुडी, सगळा रिवाज सांभाळून. बोलता बोलता मोजे काढायची, नखं बघायची आणि परत घालायची. चार बाळं ठीक होती. अंगावर पीत होती. पाचवं मोमीनांच्या सुनेचं, रुखसारचं, पंधराच दिवसांपूर्वी माहेरून आलेलं, बाटलीवरचं. ते पाळण्यात शांत पडलं होतं. फार गुणी आहे, रडतच नाही, असं रुखसार कौतुकानं सांगत होती. शलाकानं मोजा काढला, आणि मग रिवाज सोडून दिला. ठकू रुखसारच्या सासूकडे, विश्वजितची मोटारसायकल, मागे रुखसार, तिच्या पोटाशी बाळ. त्या दोघी पटवेगार बाईंच्या दारात वीस मिनिटांत.

डॉक्टरांनी बाळाकडे पाहिलं आणि निळी बाटली काढली.

*

त्याच्या चौथ्या दिवशी कंपनीचे कुलथे साहेब घरी आले. दुपारची वेळ, पायातले बूट उंबऱ्याबाहेर काढलेले, बोलणं मऊ. शलाकाला मॅडम म्हणत होते. ठकूच्या तब्येतीची चौकशी त्यांनी इतकी नीट केली की क्षणभर तिला वाटलं, हा माणूस खरंच मदतीला आलाय.

सासूबाईंनी तांब्या-भांडं आणून ठेवलं. “घ्या. कालचं आहे,” त्या म्हणाल्या.

कुलथेंचा हात भांड्यापाशी जाऊन थांबला. पाहुण्याला हे वाक्य या गावात कुणी कधी ऐकवलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला आणि बॅग उघडली.

पहिला कागद तयार होता. बाळाच्या रक्तातली एक यंत्रणा जन्मतःच कमजोर होती, पाण्याशी संबंध नाही, आमची तक्रार नाही. खाली आईच्या सहीची जागा. मार्चच्या देखभालीत आम्ही वेळ परत दिवसभराची करू, कुलथे म्हणाले, गाजावाजा न करता. लोकांचा विश्वास एकदा गेला की ते पुन्हा बोअरवर जातील, आणि ते तर याहून वाईट. यात तथ्य नव्हतं असं नाही. शलाकाला ते कळत होतं, म्हणूनच ती सावध झाली. मार्चला अजून पाच महिने होते.

“आणि बाकीच्या गावांत?” तिनं विचारलं.

“तिकडून काही तक्रार नाही.”

“तिकडेही वीस मिनिटंच आहेत?”

कुलथेंनी दुसरा कागद काढून टेबलावर ठेवला. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. काना-मात्रा जागच्या जागी, समास सोडलेला, शाळेत बक्षीस मिळालेलं अक्षर. ‘कालचं पाणी आजच्या घरात कशाला?’

“तुमचंच ना हे? फार सुंदर लिहिलंय, मॅडम. लोकांची मागणी म्हणून एक्केचाळीस गावांच्या फायलींना हीच प्रत लावली आम्ही. त्याच्या जोरावर वेळ बदलली. तुम्ही उद्या बाहेर जाऊन बोलायला लागलात तर पहिला प्रश्न कुणाला विचारतील?”

शलाकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एक्केचाळीस गावं. त्या प्रत्येक गावात सकाळी साडेआठला कुणीतरी हंडा पालथा करत असणार, चिंचेनं घासत असणार, आणि कुणीतरी आई वीस मिनिटं पाणी उकळून पुस्तकाप्रमाणे बाटली भरत असणार. सगळ्यांना तिनं मागून दिलेलं पाणी.

ती गप्प बसेल, असं कुलथेंना वाटलं असावं. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं.

“मलाच विचारतील,” शलाका म्हणाली. “आणि मी सांगेन की मीच लिहिलं. शिकलेली होते, विचारलं नाही, लिहून मोकळी झाले. तो अर्ज मी मागे घेते.”

“मागे नाही घेता येत. त्यावर कार्यवाही झालीये.”

“मग दुसरा लिहिते. अक्षर तर तुम्हाला आवडलंच आहे.”

कुलथे पहिल्यांदा आवाज चढवून काहीतरी म्हणाले; जबाबदारी, घबराट, कायदेशीर परिणाम, असे शब्द होते त्यात. मग ते विश्वजितकडे वळले. तो मघापासून दाराला टेकून उभा होता, आणि त्याची नोकरी त्यांच्या बॅगेत होती हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घरच्यांना जरा समजावून सांग, असं त्यांनी त्याला सांगितलं.

विश्वजित शलाकाकडे बघत होता.

“गावांची यादी माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. “एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. झडपेवरच्या माणसांच्या फोननंबरांसकट. आमचा सगळ्यांचा एक गट आहे, साहेब. रोज सकाळी दिवा हिरवा झाला की त्यावर अंगठा टाकतो आम्ही.”

“विचार करून बोल.”

“आता सुरुवात केलीये.”

कुलथे उठले. दाराशी बूट घालताना त्यांना घाम आला होता. सासूबाई पाण्याचं भांडं घेऊन तिथवर गेल्या.

“शिळं म्हणून ठेवलंत होय? आमची नात हेच पिते.”

*

नवा अर्ज शलाकानं त्याच टेबलावर, त्याच अक्षरात लिहिला. मग चारशे बारा दारं पुन्हा चढली. या वेळी टाळ्या नव्हत्या. कुणी म्हणालं, तेव्हा तूच आली होतीस की गं बाई, आता परत कशाला? कुणी म्हणालं, उद्या सांगशील कालची भाकरीही ताजी. एका दारात तर तिचंच वाक्य तिला म्हणून दाखवलं, सुरात. ती प्रत्येक वेळी एवढंच म्हणायची की हो, मीच, आणि कागद पुढे करायची. पोटाशी ठकू बांधलेली असायची, लालबुंद ओठांची, समोरच्याच्या नाकाला हात घालणारी. काही दारं बंद झाली. बरीच उघडली. अंगणातल्या दोरीवर सासूबाईंनी ते निळे-हिरवे लंगोट मुद्दाम न धुता वाळत घातले होते, आणि विचारणाऱ्याला त्या सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायच्या, कढीपत्त्यासकट.

सोमवारी सकाळी साडेआठला विश्वजितनं झडप उघडली नाही. दिवा हिरवा होता. कंपनीचे फोन वाजत राहिले, तो टाकीखाली पट्ट्यांकडे बघत बसून राहिला. त्या संध्याकाळी, निळी उतरल्यावर, सहा गल्ल्यांना पाणी सुटलं. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून कमी केल्याची चिठ्ठी आली, आणि त्याच दिवशी आणखी तीन गावांतल्या झडपांनी साडेआठ चुकवले.

पण पहिली सही गड्डमकाकांची. त्यांनी पेन घेतलं, कागद दोनदा वाचला. मग ते म्हणाले की ताई, यात एक वाक्य कमी आहे, आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात त्यांनी ते सगळ्यात वर घातलं. टोपण न लावता पेन परत दिलं.

त्याखाली शलाकानं आपलं नाव-गाव घातलं, आणि तो कागद आता एक्केचाळीस गावांत फिरतोय. टाक्यांच्या खांबांवर, किराणा दुकानांत, अंगणवाडीच्या दारावर. तुमच्या हातात आला असेल तर तो असा आहे:

*निळी उतरेपर्यंत पाणी घ्यायचं नाही.*

*वरचं वाक्य येलप्पा गड्डम यांचं आहे. त्यांनी ते मला दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ताज्या पाण्याचा अर्ज मी लिहिला होता. माझं नाव शलाका विश्वजित मुळीक, राहणार सुतवडी. मला जे म्हणायचं असेल ते म्हणा, पत्ता दिला आहे.*

*दिव्याकडे बघू नका, पट्ट्यांकडे बघा. निळ्या असतील तर पाणी अजून तयार नाही. उकळून उपयोग नाही. दिवसभर ऊन खाल्लेलं, कालचं पाणी प्या, आणि पाहुण्यालाही तेच द्या.*

*आता हे वाचायचं थांबवा. तुमच्या गल्लीत कुणीतरी बाळ घेऊन नुकतीच माहेरून आली असेल. ते बाळ फार गुणी आहे, रडत नाही, असं सगळे म्हणत असतील. त्या घरी जा. झबलं घेऊन जा, नाहीतर हात हलवत जा, पण जा. बाळाच्या हातातले मोजे काढा आणि नखं बघा. उजेडात बघा. शिसपेन्सिलीच्या रंगाची दिसली तर बाळाला घेऊन थेट दवाखाना गाठा. आत्ताच जाऊन या, पुढचं आल्यावर बोलू.*